वायफायचा पासवर्ड आठवत नाही? राउटर रिसेट करण्याआधी फोनमध्ये बघा

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात घरोघरी पाहुणे येतात आणि चहा यायच्या आधीच वायफायचा पासवर्ड मागतात. तो पासवर्ड कनेक्शन बसवताना केबलवाल्याने टाकून दिलेला असतो, प्रत्येकाच्या फोनमध्ये एकदा भरला गेलेला असतो, आणि घरात कुणालाच आठवत नसतो. मग कुणीतरी राउटरच्या मागचं बारीक छिद्र शोधतं, त्यात पिन खुपसतं आणि घराचं सगळंच नेट बंद पडतं.

याची गरज बहुतेक वेळा नसते. ज्या फोनवर वायफाय आत्ता चालू आहे, त्या फोनमध्ये पासवर्ड सेव्ह आहे आणि फोनचं लॉक तुम्हाला उघडता येत असेल तर तो बघताही येतो. फक्त एक पथ्य पाळा: पासवर्ड हातात येईपर्यंत कुठल्याही फोनवर त्या वायफायला ‘फरगेट’ करू नका आणि ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’ला हात लावू नका. फरगेटने त्या एका वायफायचा पासवर्ड पुसला जातो, रिसेटने फोनमधले सगळ्याच वायफायचे.

अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन

वायफाय क्यूआरने शेअर करायची सोय गुगलने २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून दिली. आपला फोन कितव्या आवृत्तीवर आहे हे सेटिंग्जमध्ये, बहुतेक फोनमध्ये अगदी खाली, ‘फोनबद्दल’मध्ये दिसतं. १० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.

पिक्सेल, मोटोरोला, नोकिया या फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क आणि इंटरनेट’मध्ये जा, तिथे ‘इंटरनेट’. जोडलेल्या वायफायच्या नावासमोर गिअरचं चिन्ह असतं, ते दाबा आणि ‘शेअर’ निवडा. फोन बोट किंवा पिन मागेल. दिलं की क्यूआर येतो आणि त्याच्या खाली साध्या अक्षरांत पासवर्ड लिहिलेला असतो. काम संपलं.

‘इंटरनेट’च्या पानावर खाली ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ अशी यादी मिळते. तुम्ही नवी पेठेत दुकानात बसला आहात आणि जुळे सोलापुरातल्या घरचा पासवर्ड हवाय, तर घरी जायची गरज नाही. यादीतून घरचं नाव निवडा आणि तसंच शेअर करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मात्र शेअरचं बटण फक्त आत्ता जोडलेल्या वायफायलाच मिळतं.

सॅमसंगमध्ये वाट थोडी वेगळी. सेटिंग्ज, ‘कनेक्शन्स’, ‘वाय-फाय’, मग नावासमोरचं गिअर. क्यूआरचं बटण खालच्या पट्टीत असतं. नव्या सॉफ्टवेअरच्या फोनमध्ये तिथेच पासवर्डची ओळ आणि तिच्यासमोर डोळ्याचं चिन्ह दिसतं. ते दाबून बोट लावलं की ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतात.

रेडमी, शाओमी आणि पोकोमध्ये गिअर शोधत बसू नका. वायफायच्या यादीत जोडलेल्या नावाखालीच ‘पासवर्ड शेअर करण्यासाठी टॅप करा’ अशी ओळ असते, त्या नावावरच बोट ठेवा. विवो, ओप्पो आणि रिअलमीमध्ये नावाशेजारच्या बाणात किंवा गोलातल्या ‘आय’मध्ये शेअर किंवा क्यूआर सापडतो.

सोलापुरात अजून एक अडचण नेहमीची. घरातल्या मोठ्या माणसाचा फोन तेलुगू किंवा कन्नडमध्ये लावलेला असतो आणि मदत करणाऱ्याला ती लिपी वाचता येत नाही. भाषा बदलायच्या भानगडीत पडू नका, परत आणताना तुमचीच पंचाईत होईल. वरून बोट खाली ओढा आणि वायफायच्या पंख्यासारख्या चिन्हावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये थेट वायफायचं पान उघडतं. पुढे चिन्हांवरूनच चालत राहा: गिअर, मग छोट्या चौकोनांचं क्यूआर.

फक्त क्यूआर दिसतोय, पासवर्ड दिसत नाही

रेडमी, विवो, रिअलमी वापरणारे इथेच अडकतात. पाहुण्याच्या फोनला नुसतं जोडायचं असेल तर क्यूआर पुरे आहे. त्याने कॅमेऱ्याने स्कॅन केलं की झालं. पण टीव्ही, प्रिंटर किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, भरायला अक्षरंच लागतात. ती त्या क्यूआरमध्येच आहेत.

क्यूआरचा स्क्रीनशॉट काढा आणि गुगल फोटोजमध्ये उघडून ‘लेन्स’ दाबा. काही फोन त्या पानाचा स्क्रीनशॉट काढू देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्यायचा. लेन्स बहुधा ‘नेटवर्कला जोडा’ आणि ‘पासवर्ड कॉपी करा’ असे पर्याय दाखवते. एखादं साधं स्कॅनर ॲप मात्र आतला कच्चा मजकूर जसाच्या तसा समोर ठेवतं आणि तो बघून माणूस गोंधळतो.

तो वाचायचा असा. सुरुवातीला इंग्रजीत वायफाय हा शब्द आणि कोलन. पुढे एकेका इंग्रजी अक्षराने सुरू होणारे तुकडे, प्रत्येक तुकडा अर्धविरामाने संपणारा. ‘टी’च्या तुकड्यात सुरक्षेचा प्रकार, ‘एस’च्या तुकड्यात वायफायचं नाव, ‘पी’च्या तुकड्यात पासवर्ड. कुठला तुकडा आधी येईल हे फोनवर अवलंबून, त्यामुळे जागा मोजू नका, ‘पी’ आणि त्याच्यापुढचा कोलन शोधा. त्यानंतरपासून पुढच्या अर्धविरामापर्यंत जे आहे ते तुमचं. अर्धविराम पासवर्डचा भाग नाही. तो धरून टाइप केलं तर पासवर्ड चुकीचाच येणार.

एक बारकावा आहे. पासवर्डमध्येच अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन किंवा बॅकस्लॅश (\) असेल तर क्यूआर त्याच्या आधी एक जादा बॅकस्लॅश घालतो, नाहीतर तुकडा कुठे संपला हे कळणार नाही. भरताना हा जादा बॅकस्लॅश गाळायचा.

काम झालं की स्क्रीनशॉट गॅलरीतून आणि ट्रॅशमधूनही उडवा. क्यूआर वाचून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर तो चढवू नका. क्यूआरमध्ये पासवर्ड उघडा असतो, त्याला कुलूप नसतं.

अँड्रॉइड ९ आणि त्याआधीचे फोन

इथे स्पष्टच सांगायला हवं: बहुतेक फोनमधून पासवर्ड बघायची सोय नाही. तो सिस्टीमच्या राखीव भागातल्या एका फाइलमध्ये असतो आणि फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून फोनचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, ती फाइल उघडत नाही. नुसत्या वायफायच्या पासवर्डसाठी फोन रूट करणं वेडेपणा आहे, कारण त्यानंतर बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप चालायला नकार देतात. ‘रूटशिवाय पासवर्ड दाखवतो’ म्हणणारी ॲप खोटी असतात. काही जाहिराती दाखवतात, काही इकडचे तिकडचे आकडे दाखवतात, आणि काही तुमच्याच वायफायचा पासवर्ड मागून घेऊन आपल्या सर्व्हरवर नेतात.

फोन जुना असेल तर घरातला दुसरा फोन, लॅपटॉप किंवा राउटर, या तिघांपैकी एकाकडे वळा. जुन्या फोनची स्क्रीनच फुटली असेल आणि त्यात गुगलचा बॅकअप चालू असेल, तर नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना तेच गुगल खातं घालून बॅकअप उतरवा. सेव्ह केलेले वायफाय त्यासोबत येतात.

आयफोन

ॲपलने ही सोय उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत दिली. सेटिंग्ज, ‘वाय-फाय’, नावासमोरचं गोलातलं ‘आय’, मग पासवर्डच्या ठिपक्यांवर टॅप. चेहरा किंवा बोट ओळखलं की अक्षरं दिसतात आणि ‘कॉपी’चा पर्याय येतो. जवळ नसलेल्या वायफायसाठी ‘वाय-फाय’च्या मुख्य पानावर वर उजवीकडे ‘एडिट’ दाबा. आजवर जोडलेल्या सगळ्यांची यादी उघडते. आयओएस १८ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं ॲप आहे, त्यात वायफायचा स्वतंत्र कप्पा आहे.

आयफोन ७ आणि त्याआधीचे फोन आयओएस १५ च्या पुढे गेलेच नाहीत, त्यामुळे तिथे पासवर्ड दिसत नाही. मात्र दोन आयफोन शेजारी धरले तर पासवर्ड न दाखवता देता येतो. दोन्हीकडे वायफाय आणि ब्लूटूथ चालू, हॉटस्पॉट बंद, आणि एकमेकांचा ॲपल खात्याचा ईमेल कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह असायला हवा. नव्या फोनवर वायफायचं नाव निवडलं की जोडलेल्या फोनवर ‘शेअर पासवर्ड’ची खिडकी येते. ती येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा कॉन्टॅक्टमध्ये ईमेल नसतो, फक्त नंबर असतो.

लॅपटॉप

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’, जोडलेल्या वायफायची ‘प्रॉपर्टीज’, आणि खाली ‘व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की’. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलमधून ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’, तिथे वायफायच्या निळ्या नावावर क्लिक, ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, आणि ‘शो कॅरेक्टर्स’वर टिक. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉपचा असतो, वायफायचा नव्हे. मॅकमध्ये व्हेंचुरापासून वायफायच्या सेटिंगमध्ये नावासमोरच्या तीन ठिपक्यांत ‘कॉपी पासवर्ड’ आहे.

राउटरचं स्टिकर आणि राउटरचं पान

राउटर उलटा करून बघा. स्टिकरवर नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. कनेक्शन बसवताना कुणी बदलला नसेल तर तोच चालतो. स्टिकरवर दोन जोड्या असतात हे लक्षात ठेवा. एक वायफायची, दुसरी राउटरच्या पानात शिरायची. ‘ॲडमिन’ असं नाव असलेली जोडी वायफायला चालणार नाही.

पानात जायचं तर कुठल्याही जोडलेल्या फोनवर वायफायचे तपशील उघडा आणि ‘गेटवे’समोरचा आकडा घ्या, आयफोनमध्ये तीच ओळ ‘राउटर’ नावाने दिसते. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. तो इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या पट्टीत टाका, लॉगिन करा आणि ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’मध्ये पासवर्ड बघा.

आता ते छिद्र. फायबरच्या डब्यावर, म्हणजे राउटरवर, ‘रिसेट’ दहा सेकंद दाबून धरलं की नुसता वायफायचा पासवर्ड जात नाही. बऱ्याच कनेक्शनमध्ये नेट सुरू व्हायला लागणारं युजरनेम आणि पासवर्डही त्याच डब्यात भरलेलं असतं, तेही पुसलं जातं. ते तुमच्याकडे नसतं, केबलवाल्याकडे असतं. रविवारी संध्याकाळी रिसेट केलं तर सोमवारी तो फोन उचलेपर्यंत घरात नेट नाही. तरी रिसेट करायचंच असेल तर आधी त्याच्याकडून युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या.

आणि डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल लुकलुकत असेल तर पासवर्डचा काही संबंधच नाही. फायबरमधून उजेड येत नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा उखडली आहे. तिथे फोनमध्ये काहीही केलं तरी उपयोग शून्य.

पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही

सगळ्यात आधी कीबोर्ड बघा. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे देवनागरीत पडू शकतात, आणि ‘१२३’ म्हणजे राउटरच्या लेखी इंग्रजी आकडे नव्हेत. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांचाच असतो. ठिपक्यांआड आपण काय टाइप केलं ते दिसत नाही, म्हणून डोळ्याचं चिन्ह दाबून उघड्या अक्षरांतच भरा. वायफायचं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं. नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे एकूण १० चिन्हं बसतात. ‘सोलापूर’ला ७ लागतात.

दुसरं, शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’ आणि मोठा ‘आय’. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून भरताना हमखास इथेच चुकतं. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो तेही बघा. कॉपी-पेस्ट केलं असेल तर शेवटी एक रिकामी जागा चिकटली आहे का ते तपासा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या पासवर्डला ती फार वेळा असते.

तिसरं कारण जुन्या उपकरणांचं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा प्रकारावर लावला असेल तर जुना फोन किंवा प्रिंटर बरोबर पासवर्डलाही नाही म्हणतो. राउटरच्या पानात ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. तसंच स्वस्तातले सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट बल्ब आणि जुने फोन यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसातला फोन धडधडीत चालतो आणि शेडमधला कॅमेरा जोडत नाही, याचं कारण बहुधा हेच, शिवाय ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब पोचत नाही.

चौथं, राउटरमध्ये ‘मॅक फिल्टर’ लावलेला असेल, म्हणजे ठरावीक फोनच आत घ्यायचे असं सांगितलेलं असेल. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला वेगळा, बनावट मॅक पत्ता (फोनची ओळख सांगणारा क्रमांक) सांगतात, त्यामुळे यादीतला फोनही अनोळखी ठरतो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’त जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनवर ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ बंद करा.

जिथे पासवर्ड मिळतच नाही

कॉलेजच्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं युजरनेम असेल तर शेअरचं बटण येत नाही, आणि ते बरंच आहे. तो पासवर्ड तुमच्या खात्याचा असतो. स्टेशनवरचं फुकट वायफाय ओटीपीवर चालतं, त्यात सेव्ह झालेला पासवर्डच नसतो. अशोक चौकात किंवा विजापूर रोडला रूम करून राहणाऱ्यांनी शेजारच्या वायफायवर डोळा ठेवण्याआधी एवढं वाचावं: मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

उलट बाजूही बघा. स्क्रीन लॉक नसलेल्या फोनमधून पासवर्ड कुणालाही मिळतो, कारण मागायला पिनच नाही. दुरुस्तीला फोन देताना सोबत पिनही दिला जातो, तेव्हा वायफायचा पासवर्डही दिलाच समजा.

पासवर्ड मिळाला की तो पाहुण्यांना सांगत सुटण्याऐवजी राउटरच्या पानात ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. बऱ्याच राउटरमध्ये ते असतं. पाहुण्यांना नेट मिळतं, पण तुमचा डीव्हीआर आणि प्रिंटर त्यांच्या फोनला दिसत नाही. दुकानात काउंटरवर क्यूआर छापून लावायचा तर तो गेस्टचाच लावा. आणि मुख्य पासवर्ड बदलायचं ठरवलं तर आधी वायफायवर काय काय आहे याची यादी काढा: टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर, इन्व्हर्टर, कार्ड स्वाइपचं मशीन. फोन स्क्रीनवर नवा पासवर्ड मागतात. कॅमेरे काही मागत नाहीत, त्यांचं फोनवरचं लाइव्ह चित्र आणि बऱ्याचदा रेकॉर्डिंगही गुपचूप थांबतं, आणि ते कळतं चोरी झाल्यावर फुटेज शोधताना. म्हणून बदल दुकान बंद करताना नको, सकाळी उघडल्यावर करा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र फोनवर येतंय हे बघूनच राउटरचं पान बंद करा.